रिव्हॉल्व्हरसाठी काडतूस भरताना गोळीचा व्यास कसा ठरवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिव्हॉल्व्हरची काडतुसं स्वतः भरणाऱ्यांचा बराच वेळ दारूचं वजन, प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) आणि क्रिंप (काडतुसाचं तोंड गोळीवर आवळणं) यांवर जातो. गोळीचा व्यास मात्र डब्यावर छापलेला आकडा पाहून ठरवला जातो. पुढे निशाणा पसरतो, नळीत शिसं चिकटतं आणि दोष दारूवर ढकलला जातो. शिशाच्या गोळीच्या बाबतीत व्यास हाच पहिला प्रश्न आहे, असं माझं ठाम मत आहे. तो सुटल्याशिवाय बाकीच्या प्रयोगांतून फारसं काही हाती लागत नाही.

खाली सगळी मापं इंचात आहेत, कारण गोळ्या ओतायचे साचे, काडतूस घडवायचे डाय आणि गोळ्यांचे डबे इंचातच मिळतात. इंचाच्या हजाराव्या भागाला 'थाउ' म्हटलं आहे. एक थाउ म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर. काडतुसं भरण्याचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत. तुमच्याकडे शस्त्राचा आणि भरण्याचा रीतसर हक्क असेल तरच यात पडा.

नावात .३८ आहे, मग गोळी .३५७ ची का?

एकोणिसाव्या शतकातल्या सुरुवातीच्या धातूच्या काडतुसांत गोळीचा बाहेर दिसणारा भाग केसच्या (काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या) बाहेरच्या व्यासाइतकाच जाड असे आणि तिची बारीक केलेली टाच केसच्या आत बसे. वंगण बाहेर उघडं राही, त्याला धूळ चिकटे. .२२ लाँग रायफलची गोळी अजूनही याच पद्धतीची असते. पुढे वंगणाच्या खाचा केसच्या आत घेतल्या गेल्या, त्यामुळे गोळीला केसच्या आतल्या व्यासाइतकं बारीक व्हावं लागलं. नाव मात्र जुनंच राहिलं. .३८ स्पेशलचं केस बाहेरून ०.३७९ भरतं, ते '.३८' तिथून आलं. .४४ चीही गोष्ट तीच: .४४ स्पेशल (१९०७) आणि .४४ मॅग्नम (१९५५) दोन्ही खरं तर ०.४२९ ची काडतुसं आहेत. १९३५ साली आलेल्या .३५७ मॅग्नमने नावातच खरा व्यास सांगितला.

तेव्हा नावातल्या आकड्यावरून गोळी विकत घेऊ नका.

मग कोणत्या काडतुसाला साधारण कोणता व्यास लागतो?

हे सुरुवातीचे आकडे आहेत. अंतिम उत्तर तुमच्या शस्त्राचं माप देईल.

- .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, .३२ एच अँड आर मॅग्नम, .३२७ फेडरल मॅग्नम: जॅकेटेड (शिशावर तांब्याचं आवरण असलेली) ०.३१२, शिशाची ०.३१३ ते ०.३१४.
- .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम: जॅकेटेड ०.३५७, शिशाची बहुतेक वेळा ०.३५८, कधी ०.३५९.
- .३८ स्मिथ अँड वेसन: ०.३६१. हे .३८ स्पेशल नव्हे. केस आखूड आणि जाड, गोळीही जाड. नावाच्या सारखेपणामुळे इथे घोटाळा फार होतो.
- .४१ मॅग्नम: ०.४१०, शिशाची ०.४१० किंवा ०.४११.
- .४४ स्पेशल आणि .४४ मॅग्नम: जॅकेटेड ०.४२९ ते ०.४३०, शिशाची ०.४३० ते ०.४३२.
- .४४-४०: मूळचा व्यास ०.४२७, पण नव्या काळातल्या काही रिव्हॉल्व्हरना ०.४२९ ची नळी बसवलेली असते.
- .४५ कोल्ट: जॅकेटेड ०.४५१ किंवा ०.४५२, शिशाची ०.४५२. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कोल्ट नळ्यांना ०.४५४.
- .४५४ कॅसुल: नावात .४५४ असलं तरी गोळी ०.४५१ किंवा ०.४५२ चीच.
- .४८० रूगर: ०.४७५.

नळी मोजायची की सिलिंडर?

दोन्ही. पण निर्णय सिलिंडरवर घ्यायचा. हे पक्कं समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं, म्हणून थोडं सविस्तर.

पिस्तुलात किंवा रायफलमध्ये चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती पोकळी, नळीचाच भाग असतो. रिव्हॉल्व्हरमध्ये तसं नाही. गोळी केसमधून सुटते ती आधी चेंबरच्या पुढच्या अरुंद, गुळगुळीत भागातून जाते. त्याला थ्रोट म्हणतात. तिथून ती सिलिंडर आणि नळी यांच्यामधली उघडी फट ओलांडते, नळीच्या तोंडाशी असलेल्या नरसाळ्यासारख्या फोर्सिंग कोनमध्ये शिरते आणि मगच नळीतल्या पिळदार खाचांना भिडते. गोळी नळीला भेटण्याआधी थ्रोट तिला हवा तसा आकार देऊन मोकळा झालेला असतो.

समजा नळीच्या खाचांचा व्यास ०.३५७ आहे आणि थ्रोट ०.३५६. तुम्ही ०.३५८ ची शिशाची गोळी मोठ्या काळजीने भरली. थ्रोटमधून बाहेर पडताना ती ०.३५६ ची झाली. आता तिला ०.३५७ च्या नळीतून जायचं आहे. कडेने तापलेला वायू निसटतो, शिशाचा पृष्ठभाग कापत जातो आणि ते शिसं नळीच्या सुरुवातीला थापलं जातं. याच जागी ०.३५९ ची गोळी भरली असती तरी निकाल हाच लागला असता.

उलट थ्रोट ०.३५८५ आणि नळी ०.३५७ असेल, तर मांडणी उत्तम आहे. गोळी थ्रोटमध्ये नीट टेकते, सरळ राहते, फोर्सिंग कोनमध्ये मधोमध शिरते आणि नळीत घट्ट बसते. नियम असा: थ्रोट नळीच्या खाचांइतका किंवा त्याहून अर्धा ते दीड थाउ मोठा असावा, आणि शिशाची गोळी थ्रोटइतकी असावी.

थ्रोट मोजायचा कसा?

व्हर्नियरने नाही. त्याचे आतले जबडे सपाट असतात, त्यामुळे लहान गोल भोकात ते माप खऱ्यापेक्षा कमी दाखवतात. एक-दोन थाउंची ही चूक इथे सगळा हिशोब बिघडवते.

पिन गेजचा संच सगळ्यात चांगला. एकेका थाउच्या फरकाच्या घासलेल्या पोलादी पिना मिळतात. सिलिंडर काढून स्वच्छ करा, थ्रोटमधलं शिसं आणि कार्बन पूर्ण काढा, मग बोटाच्या हलक्या दाबाने आरपार जाणारी सगळ्यात मोठी पिन शोधा. तो तुमचा थ्रोट. सगळी चेंबरं मोजा आणि लिहून ठेवा.

पिना नसतील तर शुद्ध, मऊ शिशाचा गोळा वापरा. तो थ्रोटपेक्षा थोडा मोठा, पण चेंबरपेक्षा लहान हवा. त्याला तेल लावा, मागून चेंबरमध्ये टाका आणि लाकडी दांड्याने हलके ठोकत थ्रोटमधून पुढे काढा. सिलिंडर लाकडावर टेकवून ठेवा. बाहेर आलेला तुकडा मायक्रोमीटरने मोजा, दहा-हजारांश दाखवणारा असेल तर फारच बरं. शिसं मऊच हवं. कडक मिश्रधातू दाबातून सुटल्यावर किंचित फुगतो आणि माप खोटं सांगतो.

तिसरी चाचणी अगदी साधी आहे. गोळी हातात घ्या आणि सिलिंडरच्या पुढच्या बाजूने थ्रोटमध्ये घाला. स्वतःच्या वजनाने आरपार पडली तर बारीक आहे. अंगठ्याने जोर लावूनही जात नसेल तर मोठी आहे. पेन्सिलच्या हलक्या रेट्याने सरकत गेली तर व्यास जमला. आकडा कळत नाही, पण जे कळायला हवं ते कळतं.

आणि नळी?

आधी सगळी चेंबरं रिकामी आहेत याची खात्री करा, मग सिलिंडर काढा किंवा बाहेर उघडा. नळी स्वच्छ करा, तेलाचा हात फिरवा. मऊ शिशाचा मोठा तुकडा प्लॅस्टिकच्या हातोडीने तोंडाकडून आत घाला आणि पितळी किंवा लाकडी दांड्याने मागे ढकलत न्या. ढकलताना हाताला काय जाणवतं ते लक्षात ठेवा. सगळीकडे सारखाच विरोध असेल तर छान. शेवटी, नळी फ्रेममध्ये शिरते तिथे अचानक घट्ट लागलं, तर पुढचा 'थ्रेड चोक'चा प्रश्न वाचा.

बाहेर आलेल्या तुकड्यावरचे उंचवटे म्हणजे नळीतल्या खाचा. समोरासमोरच्या दोन उंचवट्यांमधलं अंतर हा खाचांचा व्यास. कोल्टसारख्या सहा खाचांच्या नळीत हे सोपं आहे. स्मिथ अँड वेसनच्या नळ्यांना बहुधा पाच खाचा असतात, म्हणजे प्रत्येक उंचवट्याच्या बरोबर समोर खळगा येतो आणि साध्या मायक्रोमीटरवर आकडा कमी दिसतो. त्यासाठी व्ही आकाराच्या बैठकीचा मायक्रोमीटर मिळतो. नाहीतर एक थाउ जाडीची पितळी पट्टी तुकड्याभोवती घट्ट गुंडाळा, मोजा आणि दोन थाउ वजा करा.

त्याहून सोपं म्हणजे नळीतून काढलेला तोच तुकडा हाताने प्रत्येक थ्रोटमध्ये घालून पाहणं. हलकेच सरकत गेला तर थ्रोट नळीइतका किंवा मोठा आहे. अडला तर थ्रोट लहान आहे, आणि तुमच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथेच आहे.

थ्रोट नळीपेक्षा लहान निघाला. आता?

मोठी गोळी घेऊन हे सुटत नाही. थ्रोट रीम करून, म्हणजे रीमरने किंचित रुंद करून घ्या. .४५ कोल्टला साधारण ०.४५२५ पर्यंत रीम करणं ही रूढ पद्धत आहे. काम छोटं आहे, पण ते अनुभवी गनस्मिथकडेच द्या. काढलेला धातू परत लावता येत नाही, आणि वाकडा फिरलेला रीमर अख्खं सिलिंडर वाया घालवतो.

रीम करायचं नसेल तर जॅकेटेड गोळ्या वापरा. तांब्याच्या आवरणामुळे शिसं चिकटण्याचा प्रश्न राहत नाही, निशाणाही बऱ्यापैकी राहतो.

थ्रोट फारच मोठा असेल तर?

जुन्या .४५ कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये ०.४५५ किंवा ०.४५६ चे थ्रोट सापडतात, तर नळी ०.४५२ ची. इथे ०.४५२ ची गोळी थ्रोटमध्ये खुळखुळत जाते, तिरकी होते आणि फोर्सिंग कोनच्या एका कडेला आपटते. उपाय दोन. ०.४५४ ला साइज केलेली (डायमधून दाबून त्या मापाला आणलेली) गोळी वापरा. नळी तिला दोन थाउंनी दाबेल आणि शिसं ते सहज सोसतं. किंवा गोळी मऊ मिश्रधातूची घ्या, म्हणजे दाब आला की तिचा तळ फुगून थ्रोट भरून काढेल. दोन्ही एकत्र केले तर सगळ्यात उत्तम. गोळीचा व्यास थ्रोटच्या बरोबरीला नेण्याच्या हट्टात काडतूस चेंबरमध्ये अडायला लागलं, तर मात्र तिथेच थांबा.

सहा थ्रोट, सहा वेगळी मापं. कोणाला धरू?

फरक अर्ध्या थाउच्या आत असेल तर दुर्लक्ष करा. त्याहून जास्त असेल तर शिशाची गोळी सगळ्यात मोठ्या थ्रोटप्रमाणे घ्या. लहान थ्रोट तिला थोडं दाबतील, पण मोठे गळणार नाहीत. मात्र सगळ्यात लहान थ्रोट नळीपेक्षा मोठा आहे ना, हे आधी पाहा. नेमबाजीच्या स्पर्धेत उतरणाऱ्याने सहाही थ्रोट एका मापाला रीम करून घ्यावेत.

गोळी जितकी कडक तितकं शिसं कमी बसतं ना?

ही समजूत खूप पसरलेली आहे आणि हलक्या लोडमध्ये, म्हणजे कमी दारूच्या काडतुसात, ती उलटी पडते.

शिशाच्या गोळीवर मागून दाब आला की ती किंचित आखूड आणि जाड होते आणि आपली जागा भरून काढते. किती दाबाला हे घडेल ते धातूच्या कडकपणावर ठरतं. ढोबळ हिशोब असा करतात: ब्रिनेल कडकपणा गुणिले १,४२२ म्हणजे साधारण लागणारा दाब, पीएसआयमध्ये (पौंड प्रति चौरस इंच). शुद्ध शिशाचा ब्रिनेल आकडा ५ च्या आसपास असतो. वीस भाग शिसं आणि एक भाग कथील घेतलं तर १०. चाकांच्या जुन्या शिशाच्या वजनांचा ११ ते १२, लायमन नंबर २ या मिश्रधातूचा १५, छपाईच्या लिनोटाइप धातूचा २२.

आता .३८ स्पेशल पाहा. त्याची कमाल दाबमर्यादा १७,००० पीएसआय आहे. १२ कडकपणाच्या गोळीला १७,०६४ लागतात, म्हणजे पूर्ण क्षमतेच्या लोडला ती जेमतेम जुळते. बाजारात 'हार्ड कास्ट' म्हणून मिळणाऱ्या १८ कडकपणाच्या गोळीला २५,५९६ हवेत, आणि तिथवर .३८ स्पेशल कधीच पोचू नये. अशी गोळी थ्रोटपेक्षा एक थाउ बारीक असेल तर ती शेवटपर्यंत बारीकच राहते आणि वायू तिला कापत जातो. .४५ कोल्टची मर्यादा १४,००० आहे, तिथे १० कडकपणा पुरतो. ३५,००० पीएसआयच्या .३५७ मॅग्नमला आणि ३६,००० च्या .४४ मॅग्नमला कडक गोळी शोभते.

हा हिशोब दिशा दाखवतो, त्याला काटेकोर सूत्र समजू नका. व्यास थ्रोटशी बरोबर जुळलेला असेल तर कडक गोळीही हलक्या लोडमध्ये स्वच्छ चालते, कारण तिला फुगून भरायला जागाच उरलेली नसते. म्हणून मी नवीन माणसाला आधी व्यास आणि मग कडकपणा असंच सांगतो. डबा बदलायच्या आधी माप घ्या.

होलो-बेस वॉडकटरला हा नियम लागू होतो का?

थोडा सैलपणे. वॉडकटर म्हणजे सपाट तोंडाची गोळी. होलो-बेस प्रकारात तिचा तळ पोकळ असतो आणि भोवतीची पातळ कड अगदी कमी दाबालाही फुगते, म्हणून ती बऱ्याच वेगवेगळ्या थ्रोटमध्ये निमूट चालते. .३८ स्पेशलच्या कागदी लक्ष्याच्या स्पर्धांत तिचं नाव आहे ते त्यामुळेच. ती फक्त हलक्या लोडची गोळी आहे. जास्त दाबाखाली तिची कड फाटून नळीत अडकू शकते, आणि पुढची गोळी त्यावर आदळते.

मोठ्या व्यासाची गोळी वापरली तर दाब धोकादायक वाढेल का?

शिशाच्या गोळीत एक-दोन थाउंनी दाबात फारसा फरक पडत नाही, कारण शिसं मऊ असतं. खरा धोका दुसरीकडे आहे. गोळी जाड झाली की केसचं तोंडही जाड होतं. ते चेंबरच्या भिंतीला घट्ट टेकलं तर गोळी सोडण्यासाठी केसला फुलायला जागा राहत नाही, आणि मग दाब खरोखर चढतो. म्हणून प्रत्येक नव्या व्यासाचं एक डमी काडतूस, दारू आणि प्रायमरशिवाय, तयार करा आणि सगळ्या चेंबरांत टाकून पाहा. ते स्वतःच्या वजनाने आत पडलं पाहिजे आणि सिलिंडर उलटा केला की बाहेर आलं पाहिजे. अंगठ्याने दाबावं लागत असेल तर ते काडतूस भरू नका.

जॅकेटेड गोळीला ही सूट नाही. रायफलसाठी बनवलेल्या ०.३५८ च्या जॅकेटेड गोळ्या मिळतात. आकडा जुळतो म्हणून त्या रिव्हॉल्व्हरमध्ये भरण्याचा विचारही करू नका. लांबी, वजन आणि आवरण, सगळंच वेगळं असतं.

व्यास, वजन, आकार किंवा गोळी बसवण्याची खोली, यांतलं काहीही बदललं की छापील लोड डेटातल्या सुरुवातीच्या मात्रेवर परत या आणि तिथून वर चढा.

०.३५८ ला साइज केलेली गोळी आहे, थ्रोटही ०.३५८, तरी शिसं बसतं. का?

भरलेल्या काडतुसातून एक गोळी ओढून काढा आणि मोजा. बरेचदा ती ०.३५६ किंवा ०.३५६५ भरते. भरण्यापूर्वी ती ०.३५८ होती हे खरं, पण केसने तिला दाबून बारीक केलं.

याची कारणं दोन-तीन असतात. बरेच डाय सेट जॅकेटेड गोळ्या डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले असतात, त्यामुळे त्यांचा एक्स्पांडर केसचं तोंड पुरेसं उघडत नाही. मऊ शिसं घट्ट पितळात ढकललं की पितळ जिंकतं. उपाय म्हणजे शिशाच्या गोळीसाठीचा मोठा एक्स्पांडर. गोळीच्या व्यासापेक्षा एक ते दोन थाउ कमी हवा. दुसरं कारण केसची जाडी. पितळ तळाकडे जाड होत जातं, आणि वॉडकटरसारखी खोल बसणारी गोळी त्या जाड भागात शिरते. तिसरं कारण लीचा कार्बाइड फॅक्टरी क्रिंप डाय. त्यातली कार्बाइडची कडी भरलेलं काडतूस शेवटी एकदा साइज करते. जॅकेटेड गोळीचं त्याने काही बिघडत नाही, पण जाड शिशाची गोळी केसच्या आतच दबते. शिशाच्या गोळ्यांसाठी मी साधा रोल क्रिंप डायच वापरा असं सांगेन.

ही गोळी ओढून मोजायची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. महत्त्वाचं माप केसमध्ये बसल्यानंतरचं असतं.

प्लेटेड आणि कोटेड गोळ्यांचं काय?

प्लेटेड गोळीत मऊ शिशावर तांब्याचा पातळ थर असतो. व्यास बहुधा ०.३५७ किंवा ०.३५८. ती जॅकेटेड नव्हे. वेग आणि क्रिंप या दोन्हींबाबत बनवणाऱ्याने घालून दिलेली मर्यादा पाळा. क्रिंप जास्त झाला तर थर फाटतो.

पावडर कोटिंगचा थर जाड असतो. व्यास एक ते तीन थाउंनी वाढतो, म्हणून कोटिंग झाल्यावरच साइज करा. कोटिंगमुळे वंगणाचा आणि धुराचा त्रास कमी होतो, व्यासाची थोडीशी चूकही खपून जाते. पण थ्रोट नळीपेक्षा लहान असेल तर कोटिंगचाही काही उपयोग नाही.

९ मिलिमीटर पिस्तुलाच्या ०.३५५ च्या गोळ्या .३८ स्पेशलमध्ये चालतील का?

मी भरणार नाही. ०.३५७ च्या नळीत त्या सैल जातात आणि निशाणा पसरतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे केस त्यांना नीट पकडत नाही. रिव्हॉल्व्हरच्या धक्क्याने सिलिंडरमधल्या उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकतात, आणि एखादी सिलिंडरबाहेर डोकावली की सिलिंडर फिरायचाच थांबतो.

एकाच नळीला .३५७ आणि ९ मिलिमीटर अशी दोन सिलिंडरं लागणारी रिव्हॉल्व्हरं असतात. नळी .३५७ ची असल्याने ९ मिलिमीटरच्या केसमध्ये ०.३५६ किंवा ०.३५७ ची शिशाची गोळी जास्त जमते. अशी काडतुसं त्याच सिलिंडरमध्ये आधी तपासा आणि डब्यावर स्पष्ट लिहा. ती दुसऱ्याच्या पिस्तुलात जाता कामा नयेत.

एकाच साच्यातून कधी ०.३५८ तर कधी ०.३५९५ ची गोळी पडते. साचा खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. मिश्रधातू बदलला असेल. शुद्ध शिसं थंड होताना जास्त आकसतं, अँटिमनी मिसळलेलं कमी. म्हणून लिनोटाइपची गोळी मोठी पडते आणि मऊ शिशाची लहान. साचा घेताना तो कोणत्या मिश्रधातूसाठी मापला आहे ते पाहा आणि लागणाऱ्या व्यासापेक्षा थाउ-दोन थाउ मोठा घ्या. मोठ्या गोळीला साइज करून लहान करणं सोपं आहे, लहान गोळी मोठी करण्याची भानगड फार. तीन थाउंहून जास्त दाबावं लागत असेल तर मात्र तो साचा तुमच्या कामाचा नाही, कारण तितकं दाबल्यावर गोळीवरच्या वंगणाच्या खाचा उथळ होतात.

'थ्रेड चोक' म्हणजे काय?

काही रिव्हॉल्व्हरमध्ये नळी फ्रेममध्ये आटे फिरवून घट्ट आवळलेली असते. आवळताना आट्यांच्या जागी नळी आतून किंचित चेपते, कधी अर्धा थाउ, कधी एक-दोन. शिशाचा तुकडा ढकलताना तिथे हात अडतो. गोळी त्या जागी दबून बारीक होते आणि पुढच्या पूर्ण रुंदीच्या नळीत सैल चालते. मोठी गोळी वापरून यातून सुटका नाही. गनस्मिथकडून ती जागा घासून घेणं किंवा अपघर्षक लावलेल्या गोळ्या हलक्या लोडने झाडून नळी सारखी करणं, हे दोन रूढ मार्ग आहेत. पहिला जास्त ताब्यात राहतो.

शिसं नळीत कुठे बसलंय त्यावरून काही कळतं का?

बरंच कळतं, म्हणून घाईने पुसून टाकू नका. आधी दिव्यापुढे धरून पाहा.

फोर्सिंग कोनच्या लगेच पुढे, नळीच्या पहिल्या इंचभरात शिसं असेल तर गोळी बारीक आहे, थ्रोटने बारीक केली आहे किंवा थ्रेड चोक आहे. तोंडाकडच्या टोकाला असेल तर व्यास बहुधा ठीक आहे. वंगण संपतंय किंवा कमी पडतंय. खाचांच्या एकाच कडेला रेघेसारखं दिसलं तर नळी खरखरीत असू शकते किंवा गोळी वेगाच्या मानाने फार मऊ आहे. थ्रोटच्या आतच शिसं थापलं असेल तर थ्रोटच्या मानाने गोळी लहान. .३५७ च्या सिलिंडरमध्ये .३८ स्पेशल खूप झाडल्यावर चेंबरच्या पुढच्या भागात कडं जमतं, ते आखूड केसमुळे. त्यात व्यासाचा काही दोष नाही, पण .३५७ ची लांब काडतुसं घालण्यापूर्वी ते काढून टाका, नाहीतर केसचं तोंड तिथे चिमटलं जाईल.

बसलेलं शिसं काढायला शुद्ध तांब्याच्या घासणीचे धागे जुन्या ब्रशभोवती गुंडाळा. घासणी खरंच तांब्याची आहे की तांब्याचा मुलामा दिलेलं लोखंड आहे, ते चुंबक लावून पाहा.

तेच काडतूस रायफलमध्येही वापरायचं आहे. व्यास कोणाचा?

दोघांपैकी ज्याला मोठी गोळी लागते त्याचा, जर ती दुसऱ्यात मोकळेपणी बसत असेल तर. .४४ मॅग्नमच्या काही लिव्हर-ॲक्शन रायफलींची नळी ०.४३१ भरते, तिला शिशाची ०.४३२ ची गोळी लागते. तुमच्या रिव्हॉल्व्हरचे थ्रोट ०.४३२ असतील तर एकाच डब्यात काम भागलं. ते ०.४२९५ असतील तर दोन वेगळे डबे ठेवा.

हलक्या लोडमध्ये जॅकेटेड गोळी चालेल का?

नको. जॅकेटचं घर्षण शिशापेक्षा जास्त असतं, आणि दारू कमी पडली तर गोळी नळीतच अडकते. आवाज नेहमीपेक्षा बसका आला तर थांबा, रिव्हॉल्व्हर रिकामं करा आणि नळी आरपार दिसतेय का ते पाहा. हलका लोड हवा असेल तर शिशाची गोळी वापरा.

नवीन रिव्हॉल्व्हर हातात आलं आहे. गोळ्या किती आणि कोणत्या घेऊ?

मापं घेईपर्यंत एकही मोठा डबा घेऊ नका. थ्रोट मोजा, नळीचा तुकडा काढा, दोन्ही आकडे एका कागदावर लिहून डायच्या पेटीत ठेवा. मग थ्रोटइतक्या व्यासाच्या आणि त्याहून एक थाउ मोठ्या अशा थोड्या थोड्या गोळ्या मिळवा. बरेच विक्रेते एकच गोळी वेगवेगळ्या व्यासांना साइज करून देतात, विचारायला संकोचू नका. दोन्ही व्यासांची डमी काडतुसं सगळ्या चेंबरांत टाकून पाहा, एकेक गोळी ओढून मोजा. त्यानंतर दोन्हींना तीच दारू, तीच सुरुवातीची मात्रा आणि तोच क्रिंप देऊन टेकू घेऊन गट काढा, म्हणजे कागदावर गोळ्या किती जवळजवळ पडतात ते पाहा. प्रत्येक गटानंतर नळी पाहा. कागदावरचा गट आणि नळीतलं शिसं एकाच व्यासाकडे बोट दाखवायला लागले की तो डबा मोठ्या संख्येने घ्या.

शिसं हाताळून झालं की खाण्यापूर्वी हात साबणाने धुवा, आणि ओतकाम नेहमी मोकळ्या, वाहत्या हवेत करा.